नड्वल ते खराबा : एका पाणथळ शब्दाचा इतिहास

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गणेशोत्सवाच्या, नाटकांच्या आणि कोजागरीच्या आठवणी इतर लेखक लिहितीलच. प्रस्तुत लेखात आम्ही एका शब्दाचा मागोवा घेणार आहोत. शब्द जुना आहे, आज कोणाच्या तोंडी नाही. पण तो ज्या जमिनीचे वर्णन करतो ती जमीन आपल्या घरांच्या अगदी लगत आहे, किंबहुना आपल्यापैकी काहींची घरे तिच्यावरच उभी आहेत.

के. आर. पुरमहून जुन्या मद्रास रस्त्याने होसकोट्याच्या दिशेला निघाले की येले मल्लप्पा शेट्टींचे विस्तीर्ण तळे लागते. 'येले' म्हणजे कन्नडमध्ये पान. विड्याच्या पानांच्या व्यापारात मिळविलेले धन या शेट्टींनी लोकांच्या पाण्यासाठी वेचले आणि तळ्याने त्यांचे नाव राखले. या तळ्याच्या काठी उभे राहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. पाणी कोठे संपले आणि कोरडी भूमी कोठे सुरू झाली, हे बोट ठेवून दाखविता येत नाही. दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो. कोठे कमरेएवढ्या, कोठे पुरुषभर उंचीच्या लव्हाळ्यांनी आणि पाणकणसांनी दाटलेला, पाय टाकावा तर घोट्यापर्यंत रुतणारा. त्याला तळे म्हणता येत नाही आणि शेतही म्हणता येत नाही. मग त्याला म्हणावे तरी काय? आपली मुले इंग्रजी शब्द वापरून मोकळी होतात. आपण 'दलदल' म्हणतो. पण दलदलीत चिखल तेवढा येतो, लव्हाळा येत नाही.

संस्कृतात या जमिनीला नेमका शब्द होता. तो शब्द म्हणजे 'नड्वल'. नड म्हणजे पाण्याकाठी वाढणारी, पोकळ दांड्याची, पेरापेरांची वनस्पती. ती जेथे मुबलक आहे ते नड्वल. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात हा शब्द सिद्ध केला आहे, आणि त्याच अर्थाचे 'नड्वान्' व 'नडकीय' हे आणखी दोन शब्दही दिले आहेत. ही सूत्रे ज्या प्रकरणात येतात ते प्रकरण स्थलनामांचे आहे. एखाद्या ठिकाणी जी वस्तू विपुल असते तिच्यावरून त्या ठिकाणाचे नाव पडते, हा तेथला पहिला नियम होय. वासुदेवशरण अग्रवाल यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पाणिनीच्या सूत्रांवरून त्या काळचा भूगोल कसा उभा करता येतो ते सविस्तर दाखविले आहे.

हा नियम आपल्याला नवा नाही. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, चिंचवड ही नावे त्याच चालीची. के. आर. पुरमच्या परिसरातही तीच चाल दिसते. सीगेहळ्ळीतील 'सीगे' म्हणजे आपली शिकेकाई. कल्केरेतील 'कल्' म्हणजे दगड आणि 'केरे' म्हणजे तळे. ज्याने हे नाव ठेवले त्याने त्या जागेचे वर्णनच करून ठेवले.

अमरकोशाच्या भूमिवर्गात नड्वलाच्या शेजारी त्याची भावंडे बसलेली आहेत. कुमुदे असलेली ती कुमुद्वान्, वेत असलेली ती वेतस्वान्, कोवळ्या गवताने हिरवी झालेली ती शाद्वल, चिखलाची ती पंकिल, पाण्याने भरपूर ती अनूप, आणि तशीच कच्छ. आज आपण ज्या सर्व जमिनींना एकाच 'दलदल' शब्दाच्या पोत्यात कोंबतो, त्यांच्यात अमरसिंहाने इतके भेद केले. हा केवळ पंडिती हौसेचा प्रकार नव्हे. जमिनीचा उपयोग ज्याला करावयाचा असतो त्याला हे भेद लागतात. वेत तोडणारा नडाच्या जागी जाऊन काय करणार? नडाचा उपयोग तर फार जुना आहे. अथर्ववेदातील एका उपमेत स्त्रिया बैठकीसाठी नड दगडाने ठेचताना दिसतात. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी देखील या रुतणाऱ्या जमिनीतून काही तरी घरी आणले जात होते.

या भावंडांपैकी अनूप आणि कच्छ यांचे भाग्य अधिक थोर. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो सुप्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यातील देशांची नावे दिली आहेत. त्यांत अनूप हे एक आहे. नर्मदेकाठचा, महेश्वरच्या बाजूचा तो प्रदेश. कच्छ तर गुजरातच्या नकाशावर आजही नांदतो आहे, आणि भडोचच्या जुन्या भरुकच्छ या नावातही तो आहे. नड्वलाला मात्र एवढे मोठे राज्य लाभले नाही.

आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार मानले : जांगल, आनूप आणि साधारण. यातील जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, हरणांचा प्रदेश. आनूप म्हणजे पाणथळ, दाट, कफवातप्रधान. पुढे इंग्रजांनी 'जंगल' हा शब्द उचलला आणि जगभर पसरविला, तो मात्र नेमका उलट अर्थाने, दाट आणि ओलसर रानासाठी. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच विद्वानाने १९८२ साली या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शब्दाचा अर्थ फिरला की भूमीकडे पाहण्याची दृष्टीही फिरते, याचे हे एक ठळक उदाहरण. दुसरे उदाहरण पुढे येणारच आहे, आणि ते आपल्या तालुक्यातले आहे.

आता नड्वलातील मूळ नडाचे मराठीत काय झाले ते पाहू. नडाचा नल झाला आणि नलाचा नळ. नळ हा शब्द मराठीत आजही रोज वापरला जातो. फक्त त्याने पाण्याकाठचे घर सोडून आपल्या स्वयंपाकघरात प्रवेश केला आहे. पोकळ दांड्यातून पाणी वाहते, म्हणून पाणी वाहून नेणारी कोणतीही पोकळ वस्तू नळ झाली. नळी, नळकांडे, बंदुकीची नळी ही सर्व त्याच कुळातली. लॅटिनमध्येही असेच घडले. तेथे पोकळ दांड्याच्या वनस्पतीचे नाव 'कान्ना'; त्यापासून इंग्रजीचा 'कॅनाल' निघाला आणि आपल्या ऊसकऱ्यांच्या तोंडी तो 'कॅनॉल' म्हणून रुळला. तेव्हा मराठी माणूस नळ म्हणो की कॅनॉल म्हणो, तो नकळत पाण्याकाठच्या त्या दांड्याचीच आठवण काढीत असतो.

याच वनस्पतीने आपल्याला लेखणीही दिली. तिच्या जातीचा कडक दांडा तिरपा कापून जो बोरू करीत, त्याने मोडी दफ्तरे लिहिली गेली. ग्रीक भाषेत या दांड्याला 'कालामोस' म्हणत. तो अरबीत 'कलम' झाला आणि फारसीच्या वाटेने मराठी दरबारात आला. १६३८ साली बेंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांना हा प्रांत जहागिरीत मिळाला. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हे सर्व त्यांच्या अमलाखाली होते. बेंगळूरहून होसकोट्याला आणि कोलारला जाणारी वाट आपल्या या बाजूनेच जाते. जयराम पिंड्ये यांचे 'राधामाधवविलासचंपू' याच दरबाराचे वर्णन करते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते १९२२ साली प्रसिद्ध केले. त्या दरबाराच्या दिमाखाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या दरबाराच्या कारकुनाच्या कानावरचा बोरू कोणत्या तरी पाणथळीत वाढलेला होता, हेही ध्यानात ठेवावयास हरकत नाही.

मराठी भाषेने नड्वल गमावला, तरी पाणथळ जमिनीचे शब्द ती अगदीच विसरली नाही. 'पाणथळ' हा तर सरळ पाण्याचे स्थळ. कोकणात व गोव्यात खारे पाणी बांधाने अडवून जी भातजमीन काढतात ती 'खाजण'. तिच्या बांधातील झडपेला गोव्यात 'मानस' म्हणतात, आणि मानस भरतीला मिटतो, ओहोटीला उघडतो. देशावर, नीरा आणि कृष्णा यांच्या खोऱ्यांत, कालव्याचे पाणी बेसुमार देऊन जी जमीन खालून पाझरू लागते ती 'चिबड'. चिबड हा शब्द उच्चारताना शेतकऱ्याचा चेहरा पाहावा; त्या शब्दात उसाच्या हव्यासाचा सगळा इतिहास आहे. खाजण ही माणसाने कमावलेली ओल आहे आणि चिबड ही त्याने ओढवून घेतलेली. लव्हाळा मात्र दोहोंहून निराळ्या कारणाने मराठी मनात राहिला. तुकोबांच्या अभंगाने त्याला घराघरांत पोहोचविले, आणि तेथे तो नम्रतेचे प्रतीक होऊन बसला. प्रतीक झालेल्या वनस्पतीकडे वनस्पती म्हणून पाहण्याचे मग कोणाला सुचत नाही. असो.

आता पुन्हा के. आर. पुरमकडे वळू. अमरकोशात देशाचे आणखी दोन प्रकार सांगितले आहेत : नदीच्या पाण्यावर पिकणारा तो नदीमातृक, पावसावर पिकणारा तो देवमातृक. आपला हा परिसर दोहोंत नीट बसत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या पठाराला बारमाही नदी नाही, आणि पाऊस पडतो तो उताराने वाहून जातो. म्हणून येथील लोकांनी उतारावर एकाखाली एक बांध घातले. वरच्या तळ्याचे पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात, त्याचे त्याच्या खालच्यात, अशी ही माळ होय. हेब्बाळच्या खोऱ्याचे पाणी असेच पूर्वेकडे उतरत कल्केरे, रामपूर आणि येले मल्लप्पा शेट्टी तळे यांच्या वाटेने दक्षिण पिनाकिनीकडे जाते. या मुलखाला 'तडागमातृक' म्हणावे असे आम्हांस वाटते. अमरसिंह आमच्यावर रागावणार नाही.

या माळेतील प्रत्येक भागाला कन्नडमध्ये स्वतंत्र शब्द आहे. लहान तळे 'कुंटे', पाणी सोडण्याचे दार 'तूबु', सांडवा 'कोडी', तळ्याखालची भिजणारी शेती 'अच्चुकट्टु', दोन तळ्यांना जोडणारा मोठा ओढा 'राजकालुवे', आणि पाणी वाटून देणारा तो 'नीरगंटी', म्हणजे आपल्याकडचा पाटकरी. तळे भरून कोडीवरून पाणी वाहू लागले की त्याला बागिन अर्पण करतात. आपल्या ओटी भरण्याशी त्याचे नाते कोणाही मराठी स्त्रीच्या चटकन लक्षात येईल. आणि आपल्या मधल्या पट्ट्यालाही शब्द आहे. लव्हाळ्याच्या वर्गातील गवताला 'जोंडु', आणि त्या रुतणाऱ्या ओल्या जमिनीला 'जौगु'. संस्कृताने जे एका शब्दात सांगितले ते कन्नडने दोन शब्दांत जपून ठेवले आहे.

या जौगुचे काम काय? ओढ्याने येणारे पाणी तळ्यात शिरताना प्रथम या गवतात अडकते. तेथे त्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, पाण्यातील घाणीचा काही अंश मुळे शोषून घेतात, आणि मग पाणी पुढे जाते. अतिवृष्टीत हाच पट्टा पाण्याला पसरावयास जागा देतो. शिवाय चटईसाठी जोंडु, गुरांसाठी गवत, पाखरांसाठी घरटी. बेंगळूरच्या अनेक तळ्यांकाठी गुरांसाठी गवत कापणारे लोक आजही दिसतात. मात्र येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. लव्हाळे फोफावले म्हणजे तळे निरोगी आहे असे समजू नये. सांडपाणी आणि गाळ वाढला की पाणकणीस तळेच गिळावयास लागते. ही वनस्पती औषधही आहे आणि रोगाचे लक्षणही. किती, कोठे, आणि वरून काय येते यावर सारे अवलंबून. शहराच्या उत्तरेस जक्कूर तळ्याच्या मुखाशी सांडपाणी शुद्ध करून ते मुद्दाम राखलेल्या लव्हाळ्यांच्या पाणथळीतून तळ्यात सोडतात. जुन्या जौगुचे काम आता यंत्राच्या जोडीने करून घ्यावे लागते.

आता तो दुसरा शब्द. बेंगळूर पूर्व तालुक्याची कचेरी के. आर. पुरमलाच आहे. तेथे जमिनीच्या कागदासाठी गेलेल्या मराठी माणसाला एक गंमत अनुभवास येते : भाषा कन्नड, पण शब्द घरचे. पहाणी, आकारबंद, टिप्पणी, पोडी, हिस्सा, आणि खराबु. याचे कारण असे. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजणीची व आकारणीची जी पद्धत घालून दिली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला नियमबद्ध केले, तीच मुंबई पद्धत १८६३ पासून म्हैसूर संस्थानात लागू झाली. इंदापूरच्या माळावर जन्मलेले कागद होसकोट्याच्या वाटेवर आले, आणि त्यांच्याबरोबर ते शब्दही.

या पद्धतीत शेताच्या आत जो भाग लागवडीस अयोग्य असेल तो सारा आकारताना वजा करीत. खडक, ओढा, वाट, डबके, लव्हाळ्याचा तुकडा, सर्व त्यात आले. त्याचे नाव 'पोटखराब'. मूळ हेतू शेतकऱ्याच्या सोयीचाच होता, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. ज्या जमिनीतून पीक येत नाही तिच्यावर सारा नको, एवढाच त्याचा अर्थ. पुढे त्याचे दोन वर्ग झाले, आणि ते महाराष्ट्रात व कर्नाटकात सारखेच आहेत. 'अ' म्हणजे लागवडीस अयोग्य. 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, तळे, स्मशान अशा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेला भाग.

परंतु शब्द कागदावरून लोकांच्या डोक्यात उतरतो तेव्हा हेतू मागे राहतो. कुमुद्वान्, नड्वल, अनूप, जौगु या सर्वांची ओळख एका 'खराब' शब्दात मिटली. गाव होते तोपर्यंत त्याने फारसे बिघडले नाही, कारण गवत कापणाऱ्याला आणि नीरगंटीला जागा ठाऊक होती. त्यांना कागद वाचण्याची गरज नव्हती. पण १८९६ साली हेसरघट्ट्याचे पाणी नळाने बेंगळूरला आले, १९७४ साली कावेरीचे आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा शहराभोवतीच्या ११० गावांसाठी सुरू झाला. सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेले पाणी घरच्या नळाला आले, तेव्हा घराजवळच्या नडाची गरज सरली. नीरगंटी गेला, उरला तो कागद, आणि कागदावर लिहिले होते 'खराब'. जी जमीन खराबच आहे ती भरून सपाट केली तर बिघडले कोठे, असा हिशेब झाला. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. ती तरी मोठी तळी होती, त्यांची नावे लोकांनी लक्षात ठेवली. तळ्यांच्या तोंडाशी असलेले लव्हाळ्याचे पट्टे तर निनावी होते. त्यांच्यासाठी कोणी हळहळलेही नाही.

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बेंगळूरच्या पूर्व भागात पावसाने जे घडले ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. महादेवपुराच्या बाजूला घराघरांत पाणी शिरले, लोकांना नावांतून आणि ट्रॅक्टरांतून बाहेर काढावे लागले. वर्तमानपत्रांनी पावसाला दोष दिला आणि अतिक्रमणालाही. दोन्ही खरेच आहे. पण पाणी ज्या क्रमाने साचले तो क्रम पाहता त्याने फक्त आपली जुनी जागा शोधली, असेच म्हणावे लागते.

दरम्यान जगाला या जमिनीचे मोल कळू लागले होते. १९७१ साली इराणमधील रामसर या गावी पाणथळींच्या रक्षणाचा करार झाला. २०२० साली महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर हे त्या यादीत आले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, गाळावर लव्हाळे आणि पाणकणीस वाढले, आणि पाखरे आली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो गाळ तोट्याच्या बाजूला पडला, तोच पुढे त्या जागेचे वैभव ठरला. या करारामुळे मराठीचा 'पाणथळ' हा जुना शब्द सरकारी कागदावर सन्मानाने चढला. कर्नाटकात रंगनतिट्टू २०२२ मध्ये त्या यादीत आले. कन्नडमध्ये अशा स्थळांना 'जौगु भूमी' म्हणतात.

आपल्या मंडळातील तरुण कुटुंबे आता याच परिसरात घरे घेत आहेत, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. घराच्या जाहिरातीत 'तळ्याचे दर्शन' लिहिलेले असले तर प्रथम त्या सर्व्हे नंबरची मूळ टिप्पणी आणि आकारबंद मागावा. गावचा जुना नकाशाही पाहावा. त्यात राजकालुवे कोठून जातो ते दाखविलेले असते. आकारबंदात खराब्याचा आकडा आहे काय, आणि असल्यास तो 'अ' आहे की 'ब', हे विचारावे. कन्नड वाचता येत नसेल तरी अडचण नाही. हे शब्द कोणी वाचून दाखविले तर मराठी कानाला ते कळतात. मग पावसाळ्यात, शक्य तर ऑगस्टच्या अखेरीस, त्या जागी एकदा चालत जावे, आणि भिंतीलगत कोठे जोंडु उगवला आहे का ते पाहावे. भराव कितीही जुना असो, खाली ओल असली की तो उगवतो.